एकच विमान, पण नीट

मागच्या वेळी आपण कर्जफेडीच्या नोंदींबद्दल बोललो. आज विषय विमानाचा आहे. हसू नका, शेवटी तो आपल्याच वहीपाशी येणार आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा बारावीनंतर आमच्याकडे राहतो. जुन्या संगणकावर तो लढाऊ विमानांचा ऑनलाइन खेळ खेळतो. समोरची विमानंही कुठली कुठली खरी माणसंच उडवत असतात. गेल्या पावसाळ्यात गटाच्या हप्त्यासाठी मी खात्यात ठेवलेले 1,200 रुपये एकदम कमी झाले. माझ्या मोबाइलचा पिन त्याला ठाऊक होता. खेळातली दोन नवी विमानं त्याने विकत घेतली होती. पैसे मी पदरचे भरले, पण बैठकीत सांगताना मान खाली गेली. इतरांना शिस्त शिकवणारी मी, आणि माझ्याच घरात हे!

ओरडून झालं. मग म्हटलं, आहे तरी काय ते बघू. चार दिवस त्याच्या शेजारी बसले. रोज वेगळं विमान आणि रोज हार. मी विचारलं, "अरे, यातलं एक तरी तुला नीट येतं का?" तो म्हणाला, "नाही गं मावशी." तिथेच ठरलं. नवीन काही घ्यायचं नाही, एकच विमान शिकायचं. त्याने स्पिटफायर निवडलं.

हे इंग्लंडचं विमान 1936 साली पहिल्यांदा उडालं आणि 1940 च्या लढाईत जर्मन विमानांशी झुंजलं. त्याचं नाक इतकं लांब, की जमिनीवर असताना पुढचं दिसत नाही. म्हणून वैमानिक नागमोडी चालवत नेतात. चाकं जवळजवळ असल्यामुळे उतरताना ते कलंडू शकतं. भाच्याचे पहिले काही दिवस नुसतं चढवण्या-उतरवण्यात गेले.

हवेत मात्र ते झटकन वळतं. पण वेग कमी असताना फार जोरात वळवलं, तर पंख हवेचा आधार सोडतात आणि विमान कोसळतं. त्याआधी ते थरथरतं. ती थरथर ओळखून हात सैल सोडायचा, हे त्याला सरावानेच कळलं. दुसरी गोष्ट उंचीची. उंची म्हणजे गटाची शिल्लक समजा. खाली झेप घेतली की उंची खर्च होते आणि वेग मिळतो. शिल्लक नसताना लढायला गेलं, तर पळायलाही वाट उरत नाही. बंदुकांच्या गोळ्याही जेमतेम 15 सेकंद पुरतील एवढ्याच. दुरून उडवायच्या नाहीत, जवळ जाऊन मोजक्याच वापरायच्या.

या विमानात एक खोडही होती. एसटी उतारावर एकदम खाली गेली की आपल्या पोटात गोळा येतो ना? तसं नाक झटकन खाली केलं, की इंजिनातल्या पेट्रोलचा मेळ बिघडायचा आणि इंजिन अडखळायचं. जर्मन विमानाला तो त्रास नव्हता. ते सरळ खाली सूर मारून निसटायचं. म्हणून स्पिटफायरवाले आधी विमान उलटं करत आणि मग खाली ओढत. भाच्याच्या खेळातही तसंच करावं लागतं.

खऱ्या विमानात यावर उपाय कोणी काढला माहीत आहे? एका बाईने. बिअ‍ॅट्रिस शिलिंग ही इंजिनिअर फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात काम करायची आणि मोटारसायकलच्या शर्यतीही जिंकायची. तिने मोजून भोक पाडलेला धातूचा एक छोटा तुकडा तयार केला. त्यामुळे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जाईना. 1941 मध्ये ती सहकाऱ्यांसोबत विमानतळांवर फिरून तो बसवून देत होती. पूर्ण इलाज पुढे झाला, पण तोवर या एवढ्याशा तुकड्याने काम भागवलं. कारखान्यातली तयार स्पिटफायर तळावर पोचवणाऱ्या वैमानिकांमध्येही बायका होत्या, आणि 1943 पासून त्यांना पुरुषांइतकाच पगार मिळू लागला.

भाचा आता रोज एक तासच खेळतो. अजूनही हरतो, पण का हरला ते सांगू शकतो. झेरॉक्सच्या दुकानात काम करून त्याने 1,200 रुपये मला परत दिले, आणि ते त्याने सगळ्यांसमोर बैठकीत दिले.

मैत्रिणींनो, मोबाइलचा पिन मुलांना सांगू नका. गटाचे पैसे घरच्या खात्यात एक दिवसही ठेवू नका. ही चूक माझी होती. मूल काय खेळतं ते एकदा शेजारी बसून बघा. आणि आपलंही तसंच आहे. पापड जमले नाहीत की मसाला, मसाला जमला नाही की शिवण, असं करत बसण्याआधी स्वतःला विचारा, पहिल्या कामाची थरथर आपण ओळखली होती का?

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.