शेंगदाणा श्वासनलिकेत अडकला. भूल दिल्यावर बाळाचा श्वास कसा चालतो?

जळगाव-धुळ्याच्या स्वयंपाकघरात शेंगदाणे नाहीत, असे सहसा होत नाही. तेच मूठभर दाणे दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागतात, खेळता खेळता एक दाणा श्वासनलिकेत जातो आणि जोराचा ठसका लागतो. ठसका थांबला की घरचे निर्धास्त होतात. पण दाणा अनेकदा एका फुप्फुसाच्या वाटेत जाऊन बसलेला असतो. एक्स-रेत तो सहसा दिसत नाही. ओलाव्याने फुगतो, तेलामुळे आतून सूज येते आणि खोकला-ताप सुरू होतो.

एकच वाट, दोन डॉक्टर

उपाय म्हणजे ब्रॉन्कोस्कोपी. पूर्ण भूल देऊन तोंडावाटे धातूची पोकळ नळी श्वासनलिकेत घालतात. इतर शस्त्रक्रियांत श्वासाची वाट भूलतज्ज्ञाच्या ताब्यात असते. इथे ती सर्जनलाही हवी असते, आणि या वयात ती जेमतेम पेन्सिलीएवढी जाड! म्हणून या नळीला बाजूने एक तोंड असते. तिथून ऑक्सिजन जातो, मधल्या पोकळीतून दुर्बीण आणि चिमटा. 1897 मध्ये जर्मनीत गुस्ताव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा काढला, तेव्हा फक्त घसा बधिर केला होता. दोन वर्षांचे मूल तसे पडून राहणार नाही.

श्वास कोणी घ्यायचा?

मुलाचा स्वतःचा श्वास चालू ठेवला, तर दाणा आत ढकलला जाण्याची भीती कमी. पण भूल हलकी पडली की खोकला येतो, स्वरयंत्र आवळते. स्नायू शिथिल करून डॉक्टरांनी श्वास दिला, तर मूल हलत नाही. पण दाण्यापलीकडे हवा कोंडू शकते. कोणती पद्धत घ्यायची, हे दाणा कुठे आहे यावर आणि टीमच्या सवयीवर ठरते. लहान मुलांचा ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. भूलतज्ज्ञाने ‘थांबा’ म्हटले की सर्जनने थांबायचेच.

सर्वांत अवघड क्षण शेवटी येतो. फुगलेला दाणा नळीत मावत नाही, म्हणून चिमटा आणि नळी एकत्र बाहेर काढतात. स्वरयंत्राजवळ दाणा निसटून मुख्य नलिकेत अडकला, तर दोन्ही फुप्फुसे बंद. अशा वेळी तो पटकन बाहेर निघाला नाही, तर डॉक्टर मुद्दाम पुन्हा खाली, एका बाजूला ढकलतात. निदान दुसरे फुप्फुस तरी चालते.

पालकांनी काय करावे?

मूल खोकत, रडत असेल तर खोकू द्या. घशात बोट घालू नका. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर पाठीवर थापा मारणे लगेच सुरू करा आणि 108 ला फोन लावा. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री इथून शहराकडे निघण्याआधी रुग्णालयात लहान मुलांची ब्रॉन्कोस्कोपी होते का, हे फोनवर विचारा. वाटेत दूध-पाणी देऊ नका. ठसका कधी लागला आणि मुलाने शेवटचे कधी, काय खाल्ले, हे भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. चार वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे नकोत, कूट चालेल.