बांबूची तुपकी आणि काड्यांचा तोफगाडा



बाजारात खेळण्यातली बंदूक मिळते. ती प्लास्टिकची असते, चार दिवसांत तिची स्प्रिंग तुटते, आणि आत काय होते ते शेवटपर्यंत कळत नाही. तुपकीचे तसे नाही. ती आपणच करायची असते, म्हणून तिच्या आतले सगळे आपल्याला ठाऊक असते. तुपकी कशी करतात, ती का वाजते आणि तिच्यासाठी आम्ही काड्यांचा गाडा कसा जोडला, ते मी या लेखात लिहीत आहे.

तुपकी म्हणजे टप्प वाजणारी बांबूची नळी. आपल्या गडचिरोली जिल्ह्याला लागून छत्तीसगडमधले बस्तर आहे. तेथे जगदलपूरला आषाढ महिन्यात रथयात्रा निघते, तिला गोंचा म्हणतात. त्या वेळी लहानमोठे सगळे लोक तुपक्या वाजवून रथाला सलामी देतात. सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारे लोक तर खऱ्या बंदुकीलाच तुपाकी म्हणतात. शब्द एकच, पण एकीत बारूद आणि दुसरीत नुसती हवा.

बांबूचे दोन प्रकार आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. मानवेल हा जंगलात सगळीकडे असतो. तो जाड आणि जवळजवळ भरीव असतो, म्हणून लाठीला चांगला. कटांग हा काटेरी, मोठा आणि आतून पोकळ. आमच्या सांदवाडीत कटांगाचे एक बेट आहे. नळीसाठी त्याचीच बारीक फांदी घ्यावी लागते, आत करंगळी जेमतेम जाईल एवढी पोकळ. दोन गाठींच्या मधल्या भागाला पेर म्हणतात. गाठीत पडदा असतो, म्हणून दोन्ही गाठी टाकून फक्त पेर कापायचे. माझी नळी 24 सेंटीमीटर आहे. कापताना आरीचे पाते घ्या, विळ्याने पेर फाटते आणि फाटलेल्या नळीतून हवा निसटते. कापायचे काम मोठ्या माणसाकडून करून घ्यावे. माझे बाबांनी करून दिले.

दट्ट्या मात्र मानवेलाचा करायचा, कारण तो वाकत नाही. तो नळीत सैल जावा इतका तासायचा. मागच्या टोकाला मुठीसाठी बांबूचा जाड तुकडा घट्ट बसवायचा. आता खरी गोम इथे आहे. मुठीच्या पुढे दट्ट्या नळीपेक्षा बोटभर आखूड पाहिजे. माझा 23 सेंटीमीटर आहे. असे का, ते पुढे येईल.

गोळी म्हणजे मालकांगोणीचे हिरवे फळ. बस्तरात त्याला पेंग म्हणतात. ही वेल झाडांवर चढते आणि तिला घोसाने फळे लागतात. पावसाळ्यात बाबा सात्या आणायला रानात जातात, तेव्हा येताना एक घोस आणतात. मित्रांनो, त्यासाठी एकट्याने रानात जाऊ नका. आपल्या जंगलात वाघ आहे, आणि खाली वाकून काही वेचणारे लहान पोर त्याला माणूस वाटतच नाही, असे आबाजी म्हणतात. फळे नसली तर जुना कागद भिजवून त्याच्या गोळ्या करा. त्या घट्ट बसतात आणि लागतही नाहीत. आवाज मात्र मालकांगोणीचाच चांगला येतो.

आता ती का वाजते ते पाहू. पहिली गोळी दट्ट्याने ढकलत नळीच्या पुढच्या तोंडापर्यंत न्यायची आणि तेथेच ठेवायची. दुसरी मागच्या तोंडात बसवायची. आता दोन गोळ्यांच्या मध्ये हवा कोंडली गेली. तिला कुठूनही वाट नाही. दट्ट्याने मागची गोळी जोरात पुढे ढकलली की त्या हवेची जागा कमी कमी होते. समजा हवेला 20 सेंटीमीटर जागा होती आणि ती 10 झाली, तर हवेचा दाब दुप्पट होतो. 5 झाली तर चौपट. रॉबर्ट बॉईल नावाच्या शास्त्रज्ञाने हा नियम 1662 साली छापला. शेवटी दाब इतका वाढतो की पुढची गोळी जागेवर टिकत नाही. ती सुटते, कोंडलेली हवा एकदम बाहेर पडते आणि टप्प आवाज येतो. म्हणजे मागची गोळी पुढच्या गोळीला शिवतसुद्धा नाही. मारते ती हवा! सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून पाहा, तीच हवा बोटाला ढकलते.

दट्ट्या बोटभर आखूड असल्यामुळे मागची गोळी बाहेर पडत नाही, नळीच्या तोंडाशी थांबते. तीच पुढच्या वेळची पहिली गोळी होते. त्यामुळे प्रत्येक बाराला नवी गोळी एकच लागते. ज्याने हे पहिल्यांदा शोधले त्याला बक्षीस द्यायला पाहिजे.

आता गाड्याविषयी. शहरातल्या मुलांकडे जोडणीचे संच असतात. त्यांत भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, नट, बोल्ट आणि चाके येतात. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी या गृहस्थांनी आपल्या मुलांसाठी असा संच केला आणि 1901 साली त्याचे पेटंट घेतले. त्याला पुढे मेकॅनो हे नाव मिळाले. संचातले तेच भाग घेऊन आज पूल करता येतो, उद्या तो मोडून गाडी करता येते. संच महाग असतो. पण आपल्याला तो पट्ट्यांसाठी लागत नाही, सांध्यांसाठी लागतो. पट्ट्या आपल्याकडे पुष्कळ आहेत.

सांधा सायकलच्या दुकानात मिळतो. वॉल ट्यूब मागा. ती बारीक रबरी नळी असते. तिचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करून दोन्ही बाजूंनी माचिसच्या काड्या घातल्या की वाकणारा सांधा तयार होतो. नळीच्या मध्ये बाभळीच्या काट्याने भोक पाडून टोकदार काडी खोवली की तीन काड्यांचा सांधा. ही युक्ती श्री. अरविंद गुप्ता यांची. ते पुण्याला ट्रकच्या कारखान्यात इंजिनिअर होते. 1978 साली ते मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांतील शाळांत विज्ञान शिकवण्याच्या कामात गेले आणि तेथे त्यांनी काडी आणि नळीचा हा संच काढला. पुढे त्यांनी पुण्याच्या आयुका संस्थेत अनेक वर्षे मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

माचिसच्या काड्या गाड्याला कमजोर पडतात. म्हणून आम्ही त्याच जाडीच्या बांबूच्या कामट्या घेतल्या. टोपल्या विणून झाल्यावर बुरडकाकांच्या अंगणात त्या पडलेल्याच असतात. वॉल ट्यूब मी तान्हा पोळ्याच्या बोजाऱ्यातून घेतली. लाकडी बैल घेऊन घरोघर गेल्यावर जे पैसे मिळतात त्याला आपल्याकडे बोजारा म्हणतात, हे बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी लिहिले.

चार कामट्यांचा चौकोन करून बोटाने ढकला. तो लगेच कलतो. तीन कामट्यांचा त्रिकोण ढकला. तो हलत नाही, रबरी सांधे असूनही हलत नाही! कारण बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलूच शकत नाही. चौकोनाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी कामटी लावली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही ताठ उभा राहतो. वर पाहा, आपल्या शाळेच्या पत्र्याखाली लोखंडी कैची आहे, तिच्यातही त्रिकोणच आहेत. विजेच्या मोठ्या मनोऱ्यातही तेच. गाड्याच्या दोन बाजूंना दोन त्रिकोण, मध्ये जोडणाऱ्या तीन कामट्या, आणि जिथे चौकोन झाला तिथे तिरपी कामटी. चाके बाटलीच्या झाकणांची. वर तुपकी ठेवून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळली, झाली तोफ.

एक गंमत घडली. खरी तोफ उडाली की मागे येते. आमचा गाडा मात्र पुढे पळाला. कारण आपण मागून दट्ट्या ढकलतो, तेव्हा घासणाऱ्या गोळ्या नळीलाही पुढे ओढतात. म्हणून आम्ही चाकांच्या पुढे दगडाचे ओट लावतो. इंग्रजांनी मे 1818 मध्ये चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, किल्ल्याची भिंत तोफांनी पाडली, तेव्हा त्यांच्या तोफा प्रत्येक बाराला मागे हटत असतील आणि शिपाई त्या पुन्हा पुढे लोटत असतील.

माझ्या वर्गातल्या एका मित्राचे म्हणणे होते की तुपकीला खांद्याचा दस्ता लावू, खाली वाकडा डबा लावू आणि काळा रंग देऊ, म्हणजे ती जवानांच्या बंदुकीसारखी दिसेल. तशी करणे काही अवघड नव्हते, कामट्या होत्याच. पण बाबांना विचारले तर ते म्हणाले, "नाही गा बाबू. आपल्या जिल्ह्यात ते खेळणं नोहे." आपल्या भागात कितीतरी वर्षे नक्षलवादी आणि पोलीस यांच्या चकमकी झाल्या, दोन्हीकडची आणि मधली गावची माणसे मेली. संध्याकाळी पायवाटेने कोणी काळी बंदूक घेऊन येत असेल, तर ती लाकडाची की लोखंडाची हे शंभर पावलांवरून कोणाला कळणार? आबाजी तर अजून लांबून तशी आकृती दिसली की बोलणे थांबवतात. म्हणून आम्ही बंदूक केली नाही, चाकांची तोफ केली. बांबूचा पिवळा रंग तसाच ठेवला. तोफ खांद्यावर घेऊन कोणी रानात जात नाही.

बाकीचे नियम लहान आहेत. नळी कोणाच्या तोंडाकडे धरायची नाही, डोळ्याला गोळी लागली तर डोळा जातो. गोळी म्हणून खडा घालायचा नाही. आणि गलोल मी या लेखात मुद्दाम घेतली नाही, कारण तिने पाखरे मरतात.

बांबूविषयी थोडे राहिले. पूर्वी जंगलातला बांबू लोकांना आपल्या मर्जीने तोडून विकता येत नसे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली त्यांच्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तेथे येऊन बांबूच्या वाहतुकीचे पासबुक ग्रामसभेच्या हाती दिले. शास्त्राप्रमाणे बांबू हे गवत आहे. 2017 साली कायदा बदलला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडांच्या यादीतून निघाला. म्हणजे आमच्या सांदवाडीतले कटांगाचे बेट आता कायद्यानेही झाड नाही.

तोफगाडा या भित्तिपत्रकाच्या खाली स्टुलावर ठेवला आहे. हात लावून पाहिले तरी चालेल, त्रिकोण मोडत नाहीत. दट्ट्या गुरुजींच्या कपाटात आहे, मधल्या सुटीत मागितला तर मिळतो. कागदाच्या गोळ्या मात्र ज्याच्या त्याने आणाव्यात.