बरोबरीची किंमत कोण ठरवतं?

बुद्धिबळाचा डाव समसमान आहे. प्रतिस्पर्धी त्याच त्या चाली खेळतोय. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी. संगणकाने ती घ्यावी की वाट बदलावी? याचं उत्तर पटावर नसतं. ते इंजिनात, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, भरलेल्या एका आकड्यात असतं, आणि तो आकडा माणूस ठरवतो.

इंजिन स्थितीचं मोल प्याद्यांत मोजतं. बरोबरी म्हणजे शून्य. पण बरोबरीला 0.20 प्याद्याचा तोटा मानायला सांगितलं, तर 0.15 ने मागे असलेलं इंजिनही बरोबरी नाकारून डाव लढवत राहतं. या सेटिंगला ‘कंटेम्प्ट’ म्हणतात. 2018 च्या सुरुवातीला आलेल्या स्टॉकफिश 9 या इंजिनात ते मुळातच लावलेलं होतं, आणि फार हुशारीने. त्याचं वजन मध्यखेळात पूर्ण, अंत्यखेळात निम्मं. त्यामुळे इंजिन वजिरावजिरी टाळून पट भरलेला ठेवी. कमकुवत खेळाडू चुकतो तो अशाच गर्दीत. तुल्यबळ खेळाडूपुढे मात्र हा हट्ट अंगलट येऊ शकतो. शिवाय विश्लेषणात आकडा कोणाच्या बाजूने झुकवायचा, हा पेच होताच. 2021 च्या स्टॉकफिश 14 मधून कंटेम्प्ट काढून टाकलं गेलं.

लीला चेस झिरो या इंजिनाचं न्यूरल नेटवर्क विजय, बरोबरी आणि पराभव अशा तिन्ही शक्यता वेगवेगळ्या सांगतं, आणि खरी गंमत तिथे कळते. समजा, एका चालीत 30 टक्के विजय, 60 टक्के बरोबरी, 10 टक्के पराभव. दुसरीत 45, 30 आणि 25. बरोबरीला अर्धा गुण दिला तर दोन्हींची सरासरी 0.60, अगदी सारखी. फुटबॉलप्रमाणे विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण धरला, म्हणजे बरोबरी एक तृतीयांश झाली, की पहिली 0.50 वर येते, दुसरी 0.55 वर. स्थिती तीच, पण आता धोक्याची चाल सरस ठरते. शेवटच्या फेरीत विजेतेपदाला बरोबरी पुरत असेल, तर निवड उलटी होईल. म्हणून ‘सर्वोत्तम चाल कोणती?’ हा प्रश्न गुणपद्धती आणि समोरचा खेळाडू ठाऊक असल्याशिवाय मला अपुरा वाटतो.

लीला माणसांशी घोडा कमी घेऊन खेळते, तेव्हा समोरचा खेळाडू लक्षात घेणं फार मोलाचं ठरतं. समोरचाही अचूकच खेळणार असं धरलं, तर तिला सगळ्याच वाटा हरण्याच्या दिसतील. तो चुकू शकतो हे गणितात घेतलं, की ती मोहऱ्यांची अदलाबदल टाळते आणि गुंतागुंत वाढवत नेते.