रेंज नसतानाही स्पॅनिश: खरेदी-प्रवासाचे शब्द फोनवर कसे शिकाल?

कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे माद्रिदला जायचं ठरलं, तेव्हा हातात दीड महिना होता. मी राहतो वेल्ह्यात. पुण्याहून येताना नसरापूर सोडलं की एसटीत रेंज येते-जाते, त्यामुळे ऑनलाइन कोर्स दोन दिवसांत बंद पडला.

मग अँकीड्रॉइड घेतलं. फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं. कार्डाच्या एका बाजूला मराठी, मागे स्पॅनिश. आठवलेलं कार्ड काही दिवसांनी पुन्हा येतं, चुकलेलं लगेच.

तयार यादी मात्र घेतली नाही. भोरच्या बाजारात आई खरंच काय बोलते ते टिपलं. जेमतेम चाळीस वाक्यं निघाली. कितीला? क्वांतो क्वेस्ता? फार महाग: मुई कारो. अर्धा किलो: मेदिओ किलो.

गंमत म्हणजे बरंच काही आपल्याला आधीच येतं. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले शब्द स्पॅनिशचे चुलतभाऊच. पाव म्हणजे पान, चावी म्हणजे याबे, बटाटा म्हणजे पाताता (मेक्सिकोत पापा). 'पगार' तर तिकडे क्रियापद आहे, पागार म्हणजे पैसे देणं. कार्डने पैसे देऊ का? पुएदो पागार कोन तारखेता? अननस मात्र दगा देतो, स्पेनमध्ये तो पिन्या.

उच्चार देवनागरीतच लिहा. स्पॅनिशमध्ये आपले त-द आहेत, ट-ड नाहीत. रोमन अक्षरं इंग्रजीसारखी वाचली की तोंडात ट येतोच.

भाषांतराच्या अ‍ॅपवर डोळे झाकून विश्वास नको. माझ्या अ‍ॅपने 'सुट्टे आहेत का?'चं थेट 'सुट्टी आहे का?' केलं! बरोबर वाक्य: तिएने काम्बियो? आलेलं वाक्य उलट मराठीत करून बघितलं म्हणून सापडलं.

तरी माद्रिदला फजिती झालीच. फोन बंद पडलेला, भाजीवालीला भाव छान विचारला, पण तिचं उत्तरच कळेना. साठ म्हणजे सेसेन्ता, सत्तर म्हणजे सेतेन्ता. घाईत दोन्ही सारखेच. शेवटी तळहातावर नाणी धरली, तिने मोजून घेतली. मी बोलायचा सराव केला होता, ऐकायचा नाही.

म्हणून आकड्यांच्या कार्डावर पुढे अक्षर नको, फक्त आवाज ठेवा. फोनच्या टेक्स्ट-टू-स्पीच सेटिंगमध्ये स्पॅनिश आवाज मिळतो. तो घरच्या वायफायवरच उतरवून घ्या, एसटीत बसल्यावर नाही.