मोटारीआधी फळी

आमच्या कुंभवलीहून पश्चिमेस नवापूरचा किनारा आणि त्याच्या दक्षिणेस मुरबे-सातपाटीची खाडी. या बाजूला लहान होडीला आउटबोर्ड मोटार बसवायची म्हटली, की पहिली चर्चा होते ती अश्वशक्तीची. मी मात्र आधी होडीची मागची आडवी फळी, म्हणजे ट्रान्सम, पाहावी असे म्हणेन.

मोटारीचे वजन या फळीवर असतेच. शिवाय पंख्याचा सगळा रेटा तिच्यातूनच होडीला मिळतो. बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपले, की फायबरच्या आतले प्लायवूड कुजते. वरचा रंग मात्र शाबूत दिसतो! म्हणून हातोडीने हलके ठोकून पाहावे. आवाज बद्द आला, तर आत कुजले आहे असे समजावे.

कुजका भाग टणक लाकूड लागेपर्यंत काढावा आणि उरलेले पूर्ण वाळू द्यावे. मग सागरी प्लायवूडचे थर इपॉक्सीने चिकटवून, वरून फायबर चढवून, फळी तळाशी व दोन्ही बाजूंशी पक्की सांधावी. नव्या भोकांत सीलंट भरावे व आतून मोठे वॉशर घालावेत.

उंचीही जुळली पाहिजे. लहान मोटारी बहुधा १५ किंवा २० इंची फळीसाठी असतात. मोटार फार उंच बसली तर पंखा हवा ओढतो. फार खाली बसली तर पाण्याचा अडथळा वाढतो. दोन मोटारी लावायच्या, तर फळीची जाडी व आधार त्या मानाने वाढवावा.

खाडीच्या तोंडाशी फळी फुटली, तर मोटार तर जातेच. पण मागून पाणी शिरते आणि होडीतली माणसे संकटात सापडतात.