ड्राइव्हवेवरचा बर्फ : फावडं की यंत्र?

कुठे काय चालतं?

अमेरिकेतल्या बफेलोत किंवा कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये हिवाळ्यात गाडी बाहेर काढायची तर आधी बर्फ हटवावा लागतो. ताजा, भुसभुशीत थर फावड्याने सहज ढकलला जातो. ओला बर्फ कितीतरी पट जड; तिथे स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवणारं यंत्र, बरं.

• एका टप्प्याचा स्नोब्लोअर : फिरतं पातं जमिनीला टेकतं. साधारण २० सेंमीपर्यंतचा थर, तोही डांबर-काँक्रीटवरच. खडीवर दगड उडतात.

• दोन टप्प्यांचा : पातं बर्फ आत ओढतं, मागचा पंखा दूर फेकतो. पात्याची उंची बदलता येते, म्हणून खडीवरही चालतो. रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणाऱ्या नांगरगाडीने फाटकाशी रचलेल्या घट्ट ढिगासाठी हाच घ्यावा.



यंत्र तुंबलं, तर आधी इंजिन बंद करा. हात कधीही घालू नका; काठी वापरा.