उकळत्या भांड्याभोवतीचे जेवण : ज्येष्ठांनी जावे, पण जाणतेपणाने

मुले-नातवंडे परदेशी असलेल्या ज्येष्ठांना तिकडे गेल्यावर एका जेवणाचे आमंत्रण हमखास मिळते. सिंगापूर असो, हाँगकाँग असो वा अमेरिकेतील एखादे मोठे शहर, नातवंडांच्या आवडीचे ठिकाण म्हणजे चिनी ‘हॉट पॉट’. टेबलाच्या मध्यभागी शेगडी, तिच्यावर खळखळ उकळणारा रस्सा आणि सभोवती कच्च्या भाज्या, टोफू, मासे व कागदासारखे पातळ कापलेले मांस मांडलेले. ज्याने त्याने आपल्या आवडीचा पदार्थ रश्शात सोडावा, शिजला की काढावा आणि चटणीत बुडवून खावा. अशा वेळी घरात दोन मते पडतात. एक म्हणते, “बाबांना झेपायचे नाही, त्यांच्यासाठी घरी खिचडी करून ठेवू.” दुसरे म्हणते, “एका दिवसाने काय होते? खाऊ द्या सगळे!” वैद्यकीयदृष्ट्या ही दोन्ही मते मला सदोष वाटतात. आपल्यापैकी बहुतेकांना या टेबलाशी बसता येईल, मात्र कसे बसावे, हे आधी समजून घ्यायला हवे.

एक भांडे, अनेक प्रांत

चिनी भाषेत या जेवणाला ‘हुओग्वो’, म्हणजे शब्दशः ‘अग्निपात्र’ म्हणतात. बीजिंगच्या पद्धतीत मध्ये धुराडे असलेल्या तांब्याच्या भांड्यात निखारे घालतात. रस्सा जवळजवळ साध्या पाण्यासारखा असतो आणि मटणाचे पातळ काप तिळाच्या दाट चटणीशी खातात. चोंगछिंग आणि सिचुआनकडचा रस्सा याच्या अगदी उलट. त्यात गोमांसाची चरबी, मूठमूठ सुक्या मिरच्या आणि सिचुआन मिरी असते. ही मिरी आपल्या कोकणातील तिरफळाच्या सख्ख्या नात्यातली, दोन्ही झाडे एकाच कुळगणातील. तिरफळाने जीभ जशी झिणझिणते, तशीच हिनेही. या चवीला तिकडे ‘मा-ला’ म्हणतात. ‘मा’ म्हणजे बधिर करणारे आणि ‘ला’ म्हणजे तिखट.

छिंग घराण्याच्या दरबारात ज्येष्ठांच्या सन्मानार्थ ‘हजार वृद्धांची मेजवानी’ दिली जात असे. छ्येनलाँग बादशहाच्या १७९६ च्या मेजवानीत अशीच तापती भांडी वृद्ध पाहुण्यांपुढे मांडली गेली होती. तेव्हा हे जेवण केवळ तरुणांचे, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही.

या जेवणाचे गुण

हे जेवण सावकाश चालते. घास लहान असतो आणि प्रत्येक घासापूर्वी थांबावे लागते. तळण टाळता येते. चिनी कोबी, पालक, कमळकाकडी, कोहळा, अळंबी, टोफू असे पचायला हलके पदार्थ समोर असतात. टोफू, अंडे आणि मासळी यांतून वृद्धांच्या आहारात नेहमी कमी पडणारी प्रथिने मिळतात. आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेत मोजता येत नाही. एरवी एकट्याने दोन घास खाऊन उठणारी व्यक्ती सर्वांच्या सोबतीत नीट जेवते. म्हणून ‘नकोच’ म्हणण्यापूर्वी विचार करावा.

खरा धोका : पहिला घास उशिरा येतो

मधुमेहींच्या बाबतीत तिखटापेक्षा मला वेळेची काळजी अधिक वाटते. आपल्या घरी पान वाढलेले असते, मग आपण इन्सुलिन घेतो आणि लगेच जेवतो. हॉट पॉटच्या उपाहारगृहात आधी रांग, मग पदार्थांची निवड, मग रस्सा उकळण्याची प्रतीक्षा, मग शिजवणे. औषध घेतल्यापासून पहिला घास पोटात जाईपर्यंत तास सहज उलटतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र वाट पाहत नाही. माझ्याकडे येणारे एक चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ मुलाकडे गेले असताना असेच घरून इन्सुलिन घेऊन निघाले. रांगेत त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. गर्दीमुळे थकले असतील, असे घरच्यांना वाटले. सुनेने ओळखले आणि साखरेचे पाणी दिले, म्हणून निभावले.

यासाठी जेवणाच्या वेळचे इन्सुलिन घरून घेऊन निघू नये. ते सोबत न्यावे आणि अन्न प्रत्यक्ष समोर आल्यावर घ्यावे. गोळीची वेळ आणि मात्रा यांविषयी आपल्या डॉक्टरांना प्रवासापूर्वीच विचारून ठेवावे, मात्रा स्वतःहून बदलू नये. बसल्याबरोबर साध्या भाताची वाटी मागवावी. खिशात साखर असावी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वागणे दिसताच, गिळता येत असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी रक्तशर्करा पुन्हा तपासावी. गोळीमुळे साखर उतरली असेल तर ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या रात्री सोबत कोणीतरी असावे. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णवाहिका बोलवावी.

रस्सा शिजवण्यासाठी, पिण्यासाठी नव्हे

रस्सा तास-दीड तास आटत राहतो. पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे उरते. मांस आणि मासळीतील प्युरिने, भाज्यांमधील पोटॅशियम त्यात उतरत जाते. अखेरीस उरलेला, चवीला सर्वांत उत्तम लागणारा रस्सा त्यामुळेच उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार आणि गाउट असणाऱ्यांना सर्वांत अपायकारक. गरम काही प्यावेसे वाटले तर आरंभीच, मांस पडण्यापूर्वी, अर्धी वाटी साधा रस्सा घ्यावा. ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी ती अर्धी वाटीही हिशेबात धरावी.

चटणीचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाकाठी सोडियम २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी घ्यावे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. तेव्हा चटणीत व्हिनेगर, लसूण, कोथिंबीर, कांद्याची पात आणि थोडे तीळ घ्यावेत. सोया सॉसचे काही थेंब पुरेत. हृदय अशक्त असणाऱ्यांनी पुढचे तीन दिवस सकाळी वजन करावे. ते दीड-दोन किलोने वाढले, पाय सुजले किंवा आडवे झाल्यावर दम लागला, तर डॉक्टरांना कळवावे. वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या नेहमीच्याच प्रमाणात खाव्यात, एकाच जेवणात त्यांचा मारा करू नये.

कढत, निसरडे आणि चिकट

उकळत्या रश्शातून काढलेला घास थेट तोंडात घालू नये. रिकाम्या वाटीत काढून वाफ निवू द्यावी. ६५ अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापमानाची कढत पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये केले. कवळी वापरणाऱ्यांच्या टाळूला कढतपणाचा अंदाज नीट येत नाही. त्यात सिचुआन मिरीने जीभ बधिर झालेली असेल, तर अधिकच जपावे.

घास अडकण्याचा धोका त्याहून गंभीर. तांदळाच्या चिकट वड्या, माशाचे गुळगुळीत गोळे, रताळ्याच्या पिठाच्या निसरड्या शेवया, दोऱ्यासारखी लांब अळंबी हे पदार्थ पक्षाघात झालेल्या किंवा पार्किन्सन्सच्या रुग्णांना देऊ नयेत. इतरांना कात्रीने बारीक कापून द्यावेत. मागितल्यास कात्री मिळते. घास अडकून बोलता वा खोकता येईनासे झाले, तर पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच ठोके द्यावेत. तेवढ्याने निघाला नाही, तर मागून दोन्ही हातांनी विळखा घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्यावा. घास सुटेपर्यंत हे आलटूनपालटून करावे आणि दुसऱ्याने मदत बोलवावी.

कच्चे आणि शिजलेले

कच्चे मांस उचलण्याचा चिमटा वेगळा आणि खाण्याच्या काड्या वेगळ्या, हा नियम सर्वांनी पाळावा. कच्चे पदार्थ टाकले की रश्शाची उकळी बसते. ती पुन्हा पूर्ण येईपर्यंत त्या भांड्यातले काही काढू नये. पातळ काप लवकर शिजतात, पण कोंबडीचे तुकडे आणि गोठवलेले गोळे आतपर्यंत शिजायला कित्येक मिनिटे लागतात. मध्ये कापून पाहावे. कर्करोगावर उपचार घेणारे आणि स्टेरॉइडवर असणारे यांनी कच्चे अंडे बुडवणीला घेऊ नये.

शाकाहारी ज्येष्ठांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा : “रश्शाचा आधार कशाचा आहे?” टोमॅटोच्या वा अळंबीच्या रश्शातही कोंबडीचा वा हाडांचा अर्क असू शकतो, आणि तिखट रश्शात बहुधा गोमांसाची चरबी असते. यावर सोपा उपाय आहे. मध्ये पडदी असलेले दोन कप्प्यांचे भांडे मिळते. त्याला चिनी भाषेत जोडीने राहणाऱ्या बदकांवरून नाव पडले आहे. मात्र पडदीवरून रस्सा उसळून इकडचा तिकडे होतो. ज्यांना ते मुळीच चालणार नाही, त्यांच्यासाठी प्रत्येकी स्वतंत्र लहान भांडे देणारे उपाहारगृह निवडावे.

बसण्याची जागा आणि उठण्याची घाई

कोपऱ्यातली जागा ज्येष्ठांना देऊ नये. टेबलाच्या कडेला, स्वच्छतागृहाकडे सहज जाता येईल अशी जागा द्यावी. वाफेने चष्मा धूसर होतो, फरशीवर रस्सा सांडलेला असतो, तेव्हा चालताना हात द्यावा. कोळशाचे भांडे असेल तर जागा हवेशीर आहे ना, हे पाहावे. बंद खोलीतील कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. भरपेट जेवणानंतर तास-दोन तासांत वृद्धांचा रक्तदाब उतरू शकतो. म्हणून थोडे कमी खावे आणि एकदम उठू नये. आधी पाय हलवावेत, मिनिटभर टेबल धरून उभे राहावे आणि मग चालावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

चिनी कुटुंबांत ज्येष्ठांनी पहिला घास घेतल्यावर इतरांनी सुरुवात करण्याची रीत आहे. ती वैद्यकीयदृष्ट्याही योग्य आहे. शिजलेला पहिला टोफू आणि भाजी आई-बाबांच्या वाटीत पडली, तर त्यांना औषध वेळेवर लागू पडते, आणि रस्साही तोवर खारट झालेला नसतो. मात्र त्यांच्या वतीने सारेच ठरवू नका. “कोणता रस्सा घेऊ या?” हे त्यांना विचारा. हात थरथरत असतील तर काड्यांऐवजी झारा द्या, पण आपला कोबी आपण सोडण्याचा आनंद त्यांच्याकडून काढून घेऊ नका. पथ्य सांभाळणाऱ्या माणसालाही घराच्या पंगतीत बसायचे असते. त्याला घरी ठेवणे सोपे असते. त्याच्यासाठी अर्धा तास लवकर निघणे आणि एक सौम्य रस्सा मागवणे, एवढेच थोडे अधिक कष्टाचे. तेवढे कष्ट अवश्य घ्यावेत.